सगुणाबाईंच्या ओव्यांना कुलूप

श्रीपतराव शेजूळ यांनी जन्मात कुणाची वस्तू न विचारता घेतली नव्हती. जालन्याच्या एका सरकारी कचेरीत ते आवक-जावक बघत. बावीस वर्षांत त्या टेबलावरून एक टाचणीसुद्धा त्यांच्या खिशाला लागून मस्तगडच्या घरी आली नव्हती, आणि हे ते स्वतःच वरचेवर सांगत असल्यामुळे सगळ्या आळीला पाठ होतं. अशा माणसावर स्वतःच्या मेलेल्या आईचा आवाज चोरायची पाळी यावी, याला नशीब म्हणतात. वाईट नशीब म्हणतात.

त्याचं असं झालं. दोन हजार तीनच्या हिवाळ्यात पुण्याची एक कंपनी अंबड तालुक्यात आली आणि श्रीपतरावांच्या मूळ गावातल्या सात म्हाताऱ्यांना जात्यापुढे बसवून त्यांच्या ओव्या भरून घेऊन गेली. त्यांच्या आई सगुणाबाई त्यात होत्या. म्हातारीनं पाच ओव्या म्हटल्या, एका कागदावर अंगठा दिला, कंपनीनं दिलेली साडी घेतली आणि पुढच्या चैत्रात ती कुणालाही त्रास न देता गेली. तेरावं उरकल्यावर पोस्टानं सीडी आली. सातही म्हाताऱ्या एकाच सीडीवर, घरटी एक प्रत.

श्रीपतरावांनी ती नव्या प्लेयरवर लावली. पाचांतल्या चार ओव्या त्यांच्यावर होत्या. पहिलीच अशी:

सरकारी कचेरीत टेबल कुणाचं मोठं गं
श्रीपती माझ्या बाळाचं, शिक्क्यावरी बोट गं

माणूस हेलावणारच. टेबल तसं दाराजवळचं आणि एका पायाखाली पुठ्ठा घातलेलं होतं, पण आईला एवढं कुठलं माहीत असायला. पाचवी ओवी मात्र थोरल्या बहिणीवर, द्वारकाबाईंवर होती. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा अंबडला बहिणीलाच फोन लावला.

द्वारकाबाई खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या होत्या. वय पासष्ट. डॉक्टरांनी उठायची आशा फारशी दिलेली नव्हती.

"अक्का, मायनं तुझ्यावर बी एक ओवी म्हणलीय," श्रीपतराव म्हणाले.



"माझं नाव घेतलं?" द्वारकाबाईंनी विचारलं. "न्हाई रे, तुला तसं वाटलं आसंल. जल्मात कधी माझं नाव घेऊन गायली न्हाई ती. मी समोर बसून जातं वढायची, खुटा माझ्या बी हातात असायचा, न् माय आपली श्रीपती, श्रीपती. काय म्हणली?"

"आता फोनवर काय सांगू? मला चाल तरी येते का? तुझ्याकडं टेप हाय ना? बराबर कॅसेट भरून देतो. आठ दिवसांत."

"आठ दिवसांत दे," द्वारकाबाई म्हणाल्या. "ऐकून घेते एकदा."

रजनीबाई, म्हणजे श्रीपतरावांची बायको, हे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, कॅसेट कशाला? प्लेयरच न्या की उचलून. एस. टी. ला काय जड हाय?"

या बाईंची एक खोड अशी, की त्या पहिल्याच झटक्यात बरोबर बोलतात. त्यामुळे त्यांचं ऐकण्यात नवऱ्याला काही करून दाखवल्यासारखं वाटत नाही. प्लेयरच्या तारा एकदा काढल्या तर पुन्हा लावणार कोण, असा प्रश्न करून श्रीपतरावांनी ती सूचना दप्तरी दाखल केली आणि सीडी रुमालात गुंडाळून ते देवानंदच्या इंटरनेटच्या दुकानी गेले.

देवानंदनं सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली. कॉम्प्युटर गरगरला, कण्हला आणि त्यानं सीडी बाहेर ढकलली. पुन्हा घातली, पुन्हा बाहेर.

"काका, लॉक हाय हिला," देवानंद म्हणाला.

"कशाला?"

"सीडीला. कॉपी होऊ नये म्हणून कंपनीनं कुलूप घातलंय. आजकाल पेपरात लई चालू हाय ना याच्यावर. कंपन्या म्हणतात लोक चोर हायेत, लोक म्हणतात आमची सीडी, आम्ही काय बी करू."

"पण ही माझी माय हाय."

"कॉम्प्युटरला काय समजतं?" देवानंद म्हणाला. त्याचं बरोबर होतं.

ही बातमी दुपारपर्यंत आळीभर झाली, आणि ज्याच्या घरी टेपसुद्धा नव्हता तोसुद्धा कुलूप उघडायला धावून आला. एक म्हणाला, कॉम्प्युटरवरचं अमुक बटन सीडी गिळेपर्यंत दाबून धरायचं, कुलूप झोपतं. दुसऱ्याच्या औरंगाबादच्या मेव्हण्यानं काळ्या स्केचपेननं सीडीच्या कडेला गोल रेघ ओढून कुलूप उघडल्याचं त्यानं ऐकलं होतं. शेजारचे काकासाहेब, निवृत्त मुख्याध्यापक आणि वाचनालयाचे अध्यक्ष, यांनी सीडी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायला सांगितली. कारण विचारल्यावर त्यांनी नुसतेच डोळे मिटून मान हलवली. श्रीपतरावांनी मात्र सीडीचं वेष्टण भिंग लावून वाचलं. त्यावर बारीक अक्षरात छापलं होतं, की हिची कोणत्याही प्रकारे नक्कल करणे हा दंडनीय अपराध आहे. त्यांनी सगळ्यांना ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि घरी पाठवलं.

"टेप समोर ठेवा न् बटन दाबा," रजनीबाई म्हणाल्या. "त्याला कोण कुलूप लावतंय?"

हेही बरोबरच होतं. एका रविवारी, मनाला फार खात असताना, श्रीपतरावांनी दार लावून घेतलं, स्पीकरपुढे टेप ठेवला आणि आईचा आवाज कॅसेटवर उतरवला. पहिल्या ओवीत कुकरची शिट्टी झाली. तिसरीत बाहेरून कोथिंबीरवाली ओरडली. पाचवी चालू असताना रजनीबाईंनी स्वयंपाकघरातून दूध किती घेऊ म्हणून विचारलं आणि श्रीपतराव "गप!" म्हणाले. तेही कॅसेटवर स्पष्ट आलं. हे असलं अक्काला द्यायचं? आई गातेय आणि मध्ये कुकर? शिवाय गुन्हा तो गुन्हाच. त्यांनी कॅसेट कपाटात कपड्यांखाली सारली. तिच्यावर नाव-गाव काही लिहिलं नाही, कारण लिहिलं की पुरावा होतो. आणि कंपनीला रीतसर परवानगीचा अर्ज टाकला.

पावसाळा संपत आला तेव्हा कंपनीचं उत्तर आलं. कलाकार हयात नसल्यानं वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि सर्व वारसांची ना हरकत जोडावी. श्रीपतरावांना हे पत्र मनापासून आवडलं. कुठेतरी अजून नियमानं चालणारी माणसं आहेत, असं त्यांना वाटलं.

अंबडच्या कोर्टाबाहेर एक अर्जनवीस टाइपरायटर घेऊन बसतो. त्यानं वारसाचा ठरलेला मजकूर बडवायला घेतला.

"मालमत्ता काय? शेत का घर?"

"आवाज," श्रीपतराव म्हणाले.

अर्जनवीसानं चष्म्यावरून बघितलं. त्याच्याकडे जमिनीची, विहिरीतल्या हिश्श्याची, आंब्याच्या झाडाची, एकदा तर अर्ध्या म्हशीची भांडणं आलेली होती. त्यानं थोडा विचार करून टाइप केलं: 'मयताचा आवाज, नग एक.' चतुःसीमेच्या जागी फुली मारली.

तो कागद घेऊन श्रीपतराव तसेच बहिणीकडे गेले. त्यांना दारात बघून द्वारकाबाईंनी उशीला रेटा देऊन निम्मं उठायचा प्रयत्न केला. टेप खाटेजवळ स्टुलावर होता. सुनेनं त्याच्यात नवे सेल घालून ठेवले होते.

"आणलीस का रे?"

"आणतो, अक्का. आधी ह्याच्यावर सही लागती. तुझी हरकत न्हाई म्हणून."

"कशाची हरकत?"

"म्हंजी मायचा आवाज मी भरून घ्यायला."

द्वारकाबाई कागदाकडे बघत राहिल्या. "मी तर उन्हाळ्यापासून मागून राह्यले," त्या म्हणाल्या. "माझी कशी हरकत असंल?" मग त्यांनी सही केली. परत येताना गाडीत श्रीपतराव खिडकीतून बाहेर बघत बसले. आपण काहीतरी चुकतोय असं त्यांना वाटत होतं, पण कागदपत्रं पुरी झाली होती.

दिवाळीनंतर काकासाहेबांनी नवीन जालन्यात, स्टेशनाजवळच्या सभागृहात परिसंवाद ठेवला. विषय: 'डिजिटल संगीतावर कुलूप असावे का?' असू नये म्हणणारे सहा वक्ते एका दिवसात मिळाले. असावे म्हणणारा जिल्ह्यात सापडेना. काकासाहेब श्रीपतरावांकडे आले.

"अहो, पण मी तर पोळलेला माणूस आहे," श्रीपतराव म्हणाले. "मला त्या बाजूला बसवा."

"त्या बाजूच्या खुर्च्या भरल्या, श्रीपतराव. आणि कायद्याची बाजू मांडायला तुमच्याशिवाय आहे कोण? शाल आहे, नारळ आहे."

बावीस वर्षांत कुणी त्यांना शाल घातली नव्हती. श्रीपतरावांनी भाषण लिहून पाठ केलं. ते भरून ठेवावं अशीही एक इच्छा झाली, म्हणून कपाटातली कॅसेट काढून त्या दिवशी माइक सांभाळणाऱ्या देवानंदच्या हातात दिली आणि सांगितलं, "दुसऱ्या बाजूला भर. पहिल्या बाजूला हात लावू नको." देवानंद हो म्हणाला. पहिली बाजू कुठली, हे त्यानं विचारलं नाही आणि कॅसेटवर लिहिलेलं नव्हतं.

भाषण मात्र फक्कड झालं. विरुद्ध बाजूचे सहाही जण अडखळत बोलले, कारण त्यांना जे वाटत होतं तेच ते बोलत होते. श्रीपतरावांना तशी काही अडचण नव्हती. "माझी आई म्हणजे काय बाजारातली मेथी आहे, की कुणीही यावं आणि जुडी घेऊन जावं?" असं म्हणून ते थांबले, तेव्हा टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत स्टेशनापुढे गाडीवर नकली सीड्या विकणारा पुंजारामसुद्धा होता. प्रश्नोत्तरांत तो उभा राहिला.

"साहेब, बाकी बराबर बोलले. पण सीडी म्हंजी नाजूक काम. एकुलती एक सीडी खराब झाली तर मंग काय करायचं?"

"जो जपतो त्याची खराब होत नाही," श्रीपतराव म्हणाले. पुन्हा टाळ्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं: 'नक्कल करणारा चोरच, शेजूळ यांचे प्रतिपादन.' अंबडलाही तो पेपर जातो. द्वारकाबाईंचा दर आठवड्याचा 'झालं का रे?' हा फोन त्या आठवड्यात आला नाही. त्यानंतरही आला नाही.

फाल्गुन आला. वर्षश्राद्धाची तयारी सुरू झाली. श्राद्ध गावी व्हायचं होतं. पंगतीला सीडी लावायची, आणि मंडपवाला त्याच्या यंत्रावर लावून देणार होता. श्रीपतरावांना पुंजारामचे शब्द आठवले. त्या मंडपवाल्याकडे सीड्यांचं हे एवढं पोतं असतं. त्यात आपली गेली म्हणजे? लग्नाकार्यात आपली परात शेजाऱ्याकडे आणि शेजाऱ्याचं पातेलं आपल्याकडे का जात नाही? तर त्यावर नाव घातलेलं असतं म्हणून. इतका सरळ उपाय आपल्याला आधी कसा सुचला नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

सराफ्यात भांड्यांच्या दुकानी नाव घालणारा कारागीर बसतो. श्राद्धाला वाटायच्या स्टीलच्या वाट्यांवर तो नावं घालत होता, त्यातच श्रीपतरावांनी सीडी पुढे केली. ते अडाणी नव्हते. त्यांनी कारागिराला दोनदा बजावलं, "चमकती बाजू खाली. तिला नखसुद्धा लागता कामा नये. नाव घालायचं ते छापील बाजूला."

"पुरं नाव घालू का आडनावच?"

"पुरं घाल," श्रीपतराव म्हणाले.

यंत्र टर्रर्र करत चाललं. 'कै. सगुणाबाई रामराव शेजूळ यांच्या स्मरणार्थ, श्रीपती रामराव शेजूळ, जालना.' जागा उरली म्हणून कारागिरानं शेवटी एक फूल काढून दिलं. फुलाचे पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी सीडी प्लेयरमध्ये घातली. सगुणाबाई बोलल्या नाहीत. दुसऱ्या म्हाताऱ्याही बोलल्या नाहीत. श्रीपतराव धापा टाकत देवानंदच्या दुकानी गेले. त्यानं सीडी ट्यूबलाइटपुढे धरली. फुलातून उजेड आरपार येत होता.

"काका, गाणं ह्याच बाजूला असतंय. छापलेल्या रंगाच्या लगेच खाली. चमकत्या बाजूनं जाड प्लॅस्टिक असतंय, तिकडून थोडं घासलं तर चाललं असतं," तो म्हणाला. मग त्यानं सीडी हळूच रुमालात गुंडाळून परत दिली. काही पैसे मागितले नाहीत, त्यावरून श्रीपतरावांना काय झालं ते पुरतं कळलं.

पुढचे आठ दिवस ते बाकीच्या सहा म्हाताऱ्यांची घरं धुंडाळत हिंडले. एकीच्या नातवानं सीडीला भोक पाडून तिची गाडी केली होती. मालनबाईंच्या पोरानं ती ज्वारीत काठीला टांगली होती. पाखरं भितात म्हणाला, आणि खरंच भीत होती. वर्षभर उन्हात फिरून ती काचेसारखी पांढरी पडलेली होती. दोघींच्या घरी पत्ताच लागला नाही. एक घर पुण्याला निघून गेलं होतं. सहाव्या घरात कुणीतरी ती गरम चहाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवलेली होती. पुंजारामलाही त्यांनी मान खाली घालून विचारलं. तो बिचारा हसला नाही. "साहेब, कुलूप होतं ना तिला," तो म्हणाला. "आमच्याच्यानं बी न्हाई उघडलं. न्हाईतर हाय म्हणलो असतो."

त्याच आठवड्यात कंपनीची परवानगी आली. मूळ प्रत सुस्थितीत असल्याची खात्री करून वारसांनी एक नक्कल करावी. श्रीपतरावांनी उलट टपाली दुसरी प्रत मागितली. ते पाकीट 'कार्यालय बंद' असा शेरा घेऊन परत आलं. जन्मभर त्यांनी असे शेरे नोंदवले होते. हा त्यांनी नोंदवला नाही.

"अहो, ती कुकरवाली कॅसेट हाय ना," रजनीबाई म्हणाल्या.

श्रीपतराव ताडकन उठले. वर्षश्राद्धाला एक दिवस होता. कॅसेट कपाटात होती. घरी लावून बघू म्हणाले तर वीज गेलेली. आजकाल सहा सहा तास जायची. टेपला सेल नव्हते. अंबडची गाडी सुटायला वीस मिनिटं होती. कुकर तर कुकर, दूध तर दूध. त्यांनी कॅसेट खिशात घातली आणि ते धावत सुटले.

द्वारकाबाई फार वाळल्या होत्या. भावाला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला नाही. श्रीपतरावांनी कॅसेट काढून दाखवली तेव्हा त्यांचे डोळे एकदम जागे झाले.

"मध्ये मध्ये आवाज हायेत, अक्का. कुकर हाय. मी बी एकदा वरडलोय."

"आसू दे रे. घरच हाय ते. लाव."

श्रीपतरावांनी बटन दाबलं. थोडी खरखर झाली. "अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील मान्यवर आणि रसिक बंधु-भगिनींनो," कॅसेट म्हणाली.

श्रीपतरावांनी हात पुढे केला. द्वारकाबाईंनी तो धरला. "थांब. ह्याच्या मागून असंल," त्या म्हणाल्या. आणि त्या पुरती सोळा मिनिटं, छताकडे बघत, भावाचं भाषण ऐकत राहिल्या. मेथीच्या जुडीवर टाळ्या पडल्या. जो जपतो त्याची खराब होत नाही, त्यावर पडल्या. मग सगळ्यात मोठा कडकडाट झाला आणि खटकन थांबला. त्याच्यामागे त्या रविवारची, खोलीतली नुसती घुमी शांतता होती. रजनीबाई भांडी लावत होत्या आणि लांब कोथिंबीरवाली दुसऱ्या गल्लीत ओरडत होती. पुढे कोरी फीत फिरत राहिली. दुसरी बाजू लावली, ती पहिल्यापासून कोरी होती.

श्रीपतरावांनी मग सगळं सांगितलं. सीडीवरचं फूलसुद्धा सांगितलं. सांगताना त्यांना रडू आलं, आणि पन्नाशीच्या पुरुषानं बहिणीच्या खाटेशी बसून रडावं तसे ते रडले.

"जाऊ दे," द्वारकाबाई म्हणाल्या. "तू तर ऐकलंय ना? साऱ्या वर्षात किती डाव लावली असशील. तूच म्हण. चाल न्हाई आली तरी चालंल."

श्रीपतरावांनी नाक पुसलं, डोळे मिटले. सरकारी कचेरीतलं मोठं टेबल आलं, शिक्क्यावरचं बोट आलं. दुसरी आली. तिसरी, चौथी अशा एकामागून एक, कुठे एक अक्षर न अडखळता आल्या, चालीसकट आल्या. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"अंबडाच्या वाटंवरी..." त्यांनी पाचवी धरली.

आणि ते थांबले. पुन्हा म्हणाले, "अंबडाच्या वाटंवरी..." घरी सीडी लावली, की चौथी ओवी संपता संपता डोळे भरून यायचे. मग ते उठून तोंड धुवायला जायचे, नाहीतर रजनीबाईंना चहा टाकायला सांगायचे. प्लेयर आपला चालू असायचा. वर्षभर तो चालू असायचा.

"पुढं?" द्वारकाबाई म्हणाल्या.

"पुढं तुझं नाव हाय, अक्का."

"ते तू मागंच सांगितलं. माझं नाव घेऊन काय म्हणली?"

श्रीपतराव खाटेच्या पायाकडे बघत बसले. बाहेर सून गुरांना पाणी दाखवत होती.  द्वारकाबाईंनी हात लांबवून टेपचं झाकण उघडलं, कॅसेट काढली आणि भावाच्या हातात दिली.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या. "चांगलं बोललास. तुझ्या पोरांना होईल."